परवानगीबाईचं कपाट

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा, आणि सुरुवात आईला उठवण्यापासून. उठवणं म्हणजे हाक मारणं नव्हे. आई जागीच असायची. झटका आल्यापासून आईची डावी बाजू तिचं ऐकत नव्हती, म्हणून तिला पलंगावर बसतं करावं लागे. एक हात डाव्या खांद्याखाली, दुसरा गुडघ्यांमागे, आपला गुडघा पलंगाच्या कडेला टेकवायचा आणि मग ओढायचं नाही, वळवायचं. ओढलं की दोघींच्या पाठीचं वाटोळं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पाठ धरली, तेव्हा शिकली.

"हळू जरा," आई म्हणायची. "मी काही तुझी वायर नाही."

"वायर बरी. ती तोंड चालवत नाही."

मग आईला न्हाणीघरात नेणं, आणणं, केस विंचरणं, मुलीचा डबा, स्वतःचा डबा. नवरा मालवाहू ट्रकवर होता, आठवड्यातून दोनदा घरी यायचा आणि आला की आधी झोपायचा. दुपारी शेजारच्या मावशी डोकावून जात, आईला पाणी देत, दोन गोष्टी बोलत. पण उचलणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ हिची.

आधी ती केबल टाकणाऱ्या ठेकेदाराकडे होती. नऊ वर्षं तिनं छताच्या पोकळीत पालथं पडून, तोंडात टॉर्च धरून, दुसऱ्यांच्या कचेऱ्यांना वायरी ओढल्या. त्या कामात हात चालायचा, डोकंही चालायचं. संगणकांचं जाळं जोडणं, ते बिघडलं तर शोधून काढणं, सगळं ती तिथेच शिकली. अडचण एकच होती. जिथे काम तिथे मुक्काम, पंधरा-पंधरा दिवस. आई आजारी पडल्यावर ते जमेना. दादाचा फोन आला, आईला आमच्याकडे पाठव, वहिनीनं मागची खोली रिकामी केलीय.

आईला फोन दिला नव्हता, तरी तिनं ऐकलं. "वहिनी चांगली आहे," ती म्हणाली. "खोली वाईट आहे. तिला खिडकी नाही."

म्हणून तिला याच गावात, ठरलेल्या वेळेची नोकरी हवी होती. ती मिळाली तर आई इथे राहणार. नाही मिळाली तर तिनं पुन्हा ठेकेदाराची वाट धरायची आणि आईनं त्या मागच्या खोलीची. इतकं सरळ होतं ते.

नोकरी मिळाली, पण अर्धी. गावाबाहेरच्या रस्त्यावर पंपाचे भाग करणारा एक कारखाना होता. साठेक माणसं. तिथे प्रत्येक संगणकाचं बिऱ्हाड वेगळं. ड्रॉइंग ऑफिसातल्या मुलीनं काढलेलं ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घालून माणूस मशीनपर्यंत घेऊन जायचा. लोक गळ्यात पेन ड्राइव्ह घालून हिंडायचे. कुठलं ड्रॉइंग जुनं, कुठलं नवं, हे ज्याच्या गळ्यात ते त्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदा त्यालाही नाही. एकदा जुन्या मापानं शाफ्टची आख्खी खेप कापली गेली आणि गाडी भरून भंगारात गेली. तेव्हा मालकांचे डोळे उघडले.

"सगळं एका जागी ठेवायचं," मालकांनी तिला सांगितलं. "ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याला दिसलं पाहिजे. तीन महिने बघतो. पेन ड्राइव्ह बंद झाले तर तुम्ही कायम. नाही झाले तर तुम्ही तुमच्या वाटेनं मोकळ्या."

"चालेल, साहेब," ती म्हणाली.

पहिला महिना वायरींचा गेला. कारखान्याची भिंत जुनी, जाड. भोक पाडताना ड्रिल तापायचं, मग ते थंड होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर पातं जातं आणि भोकही वाकडं येतं. विजेच्या जाड तारांशेजारून तिनं एकही वायर नेली नाही, लांबचा फेरा पडला तरी. वळणावर वायर मोडू दिली नाही. पट्ट्या आवळल्या, पण वायरीला चावतील इतक्या नाही. प्रत्येक टोकाला चिठ्ठी, दोन्हीकडे सारखी. खाली उभे राहून फोरमन बघत असत. त्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा, मालकसुद्धा.

"एवढी वायर वर गुंडाळून का ठेवलीस?" मामांनी विचारलं.

"उद्या मशीन सरकवलं तर पुरायला नको?"

"ते मशीन मी आलो तेव्हापासून तिथंच आहे."

"तुम्ही पण सरकला नाहीत, मामा. म्हणून काय सरकणारच नाही?"

मामा हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तिची डुगडुगणारी शिडी जाऊन तिथे रंगाऱ्यांची भक्कम शिडी उभी होती.

सगळं साठवायचा डबा ब्रेडच्या टोस्टरपेक्षा थोडा मोठा होता. आत चार डिस्क. एक मेली तरी बाकीच्या तिचं सांभाळून घेणार. तो तिनं ड्रॉइंग ऑफिसच्या मागच्या लहान खोलीत बसवला. तसाच दुसरा डबा तिला इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, टूलरूममध्ये हवा होता. रोजच्या कामाची नक्कल रात्री आपोआप त्यात उतरावी म्हणून.

"एक आहे की. दुसरा कशाला?" मालक म्हणाले.

"पहिला जळाला तर?"

"जळेल कशाला?"

"साहेब, तुमच्या गाडीत एक चाक जास्तीचं आहे ना? ते रोज फिरतं का?"

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मंजुरी दिली.

मग तिनं डब्यात खण केले. चालू कामं, संपलेली कामं, तपासणी, स्टोअर, हिशेब, पगार. प्रत्येक माणसाचं नाव, प्रत्येकाचा पासवर्ड. कोण कुठल्या खणात डोकावू शकेल, कोण आत बदल करू शकेल, कोण काही काढून टाकू शकेल, हे सगळं तिनं मालकांना विचारून बसवलं. मालकांनी खुर्च्या बघून सांगितलं. मोठी खुर्ची, जास्त खण. छोटी खुर्ची, एक खण. स्वतःसाठी त्यांनी सगळं मागितलं. बघणं, बदलणं, काढून टाकणं, सगळं. "मालक मी आहे," ते म्हणाले. त्यात वाद घालण्यासारखं तिला काही दिसलं नाही.

सोमवारी डबा सुरू झाला. दहा वाजेपर्यंत सबंध कारखाना भडकला होता.

झालं होतं असं. लेथवरच्या टर्नरनं शेजारच्या कामाचं ड्रॉइंग उघडायला घेतलं. दोन्ही भाग एकमेकांत बसायचे असल्यानं त्याला ते बघायचं होतं. पडद्यावर आलं, परवानगी नाही. तपासणीवाला स्टोअरमध्ये माल किती आहे ते बघायला गेला तर, परवानगी नाही. आणि स्टोअरवाला, जो कारखान्यात सगळ्यात नीटनेटका म्हणून ओळखला जायचा, ज्याला लोक झाडू म्हणायचे, कारण तो दिवसातून चार वेळा आपल्या फळ्या झाडायचा, तो तर थेट तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मी चोर आहे का?"

"असं कोण म्हणालं?"

"तुमचा डबा म्हणाला. तीनदा म्हणाला."

त्या कारखान्याची एक रीत तिला ठाऊक नव्हती. तिथे आपल्या हत्यारांच्या पेटीला कुणी कुलूप लावत नसे. पाना लागला तर शेजाऱ्याच्या पेटीतून घ्यायचा, काम झालं की पुसून परत ठेवायचा. कुलूप लावणं म्हणजे बाकीच्यांना चोर म्हणणं. पूर्वी एका नव्या माणसानं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी कुलपाच्या भोकात ग्रीस कोंबलेलं सापडलं, आणि पुढे बरेच दिवस त्याच्याजवळ कुणी चहाला बसलं नाही. आता हिनं एका सकाळीत साठ कुलपं लावली होती.

तिचं नाव परवानगीबाई पडलं. चहाच्या टपरीपाशी ती दिसली की कुणीतरी विचारायचा, "बाई, चहात साखर घालायची परवानगी आहे का?" ती म्हणायची, "आहे. ढवळायची नाही." हसायचे, पण राग जात नव्हता.

आणि मग त्यांनी त्यांच्या रीतीनं उपाय काढला. कुणाला खण उघडत नसेल तर ज्याला उघडतो तो आपला पासवर्ड सांगायचा. पुढे सांगण्याचाही कंटाळा आला, म्हणून सामायिक हत्यारांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून, खडूनं, सगळ्यांचे पासवर्ड लिहून ठेवले. नाव, पुढे शब्द. वळणदार अक्षर होतं. खुद्द मालकांचाही होता. त्यांनी एकदा फाइल पाहून यायला ड्रायव्हरला सांगितला, ड्रायव्हरनं उदार मनानं सगळ्यांना.

तिला ते डब्यातल्या नोंदींवरून कळलं. डब्यात कोण कधी आलं, काय केलं, याची नोंद राहते. नोंदी बघाव्यात तर मालक दिवसभर स्टोअरच्या संगणकावर बसलेले, आणि ड्रॉइंगवाली मुलगी एकाच वेळी तीन मशीनवर. तिनं सगळ्यांचे पासवर्ड बदलले. एकेकापाशी जाऊन, त्याच्याकडून नवा घालून घेऊन. दिवस गेला त्यात. दुसऱ्या दिवशी जुना खडू पुसून नवा लिहिलेला. पुन्हा बदलले. पुन्हा लिहिले.

ती मामांकडे गेली.

"मामा, हे बरोबर नाही."

"कुणाचं अडलं तर नाही कसं म्हणायचं?" मामा म्हणाले. "किल्ली आहे ती. किल्ली खुंटीला असते."

तिसऱ्यांदा तिनं पासवर्ड बदलले नाहीत. फुकट मेहनत तिला सोसत नसे. पण दुसरं काय करावं, तेही सुचत नव्हतं, आणि तीन महिन्यांतले दोन सरले होते.

अशात एका सकाळी ड्रॉइंगवाली मुलगी धावत आली. चेहरा उतरलेला.

"ताई, मोठ्या पंपाचं काम दिसत नाहीये."

"कुठला खण?"

"खण आहे. काम नाही. सगळं गेलंय."

खरंच गेलं होतं. मोठ्या पंपाची सगळी ड्रॉइंग, तपासणीची मापं, सुट्या भागांच्या याद्या, सगळं कुणीतरी उचलून टाकलं होतं. तिनं टूलरूममधल्या डब्यातून रात्रीची नक्कल परत आणली. जेवायच्या सुट्टीपर्यंत काम जागेवर होतं. पण रात्रीनंतर झालेलं गेलं ते गेलंच. मुलीला सकाळपासूनच्या रेघा पुन्हा काढायच्या होत्या, आणि तपासणीच्या दोघांना तेच भाग पुन्हा टेबलावर चढवून पुन्हा मोजायचे होते. एकेक भाग दोन माणसांनी उचलायचा. ती उभी राहून बघत होती. आपल्या चुकीनं दुसऱ्याला दोनदा उचलायला लागलं की कसं वाटतं, ते तिच्या तोंडावर होतं.

मालक दुपारी आले. दातवाल्याकडून आले होते, अर्धा जबडा बधिर, बोलणं एका बाजूनं.

"कुणी केलं?"

"साहेब, नोंद तुमच्या नावावर आहे."

"माझ्या? मी तिथे खुर्चीत तोंड वासून पडलो होतो."

ऑफिसातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. हिशेबनीस खोकला, उगीच.

"शनिवारपर्यंत याचा निकाल लावा," मालक म्हणाले. "नाही तर डबा स्टोअरमध्ये, आणि पेन ड्राइव्ह परत गळ्यात. मग तुमचं इथे काम राहत नाही."

त्या संध्याकाळी तिनं घरी काही सांगितलं नाही. आईला पलंगावरून खुर्चीत घेताना आईच म्हणाली, "आज तू मला ओढलंस."

"नाही."

"ओढलंस. काय झालं?"

"डबा बंद पडायची वेळ आलीय."

आई म्हणाली, "दादाला विचार, भिंतीत खिडकी पाडता येते का."

"गप्प बस, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुसरा डबा बघायला टूलरूममध्ये गेली. टूलरूम म्हणजे जाळीचा पिंजरा. आत रीमर, गेज, मायक्रोमीटर, नाजूक आणि महाग अशी सगळी हत्यारं. पेटीतला पाना कुणीही घ्यावा, पण ही हत्यारं नाहीत. त्यासाठी बिल्ले होते. प्रत्येक कामगाराकडे आपल्या नंबराचे पितळी बिल्ले. हत्यार हवं तर टूलरूमवाल्या काकांच्या हातात बिल्ला द्यायचा, काका तो त्या हत्याराच्या खुंटीला टांगायचे. हत्यार परत आलं की बिल्ला परत.

त्या वेळी खिडकीशी एक टर्नर उभा होता. त्याचे सगळे बिल्ले आधीच टांगलेले, म्हणून त्यानं मित्राचा बिल्ला पुढे केला.

"हा तुझा नाही," काका म्हणाले.

"त्यानंच दिलाय. तो बघा, तिथे उभाय."

मित्र लांबून म्हणाला, "द्या काका, मी सांगतोय ना."

तेवढ्यात मामा आले. त्यांनी खिडकीतला बिल्ला उचलला, नंबर बघितला आणि मित्राकडे वळले.

"बिल्ला देतोस? उद्या सही देशील. परवा अंगठा कापून देशील."

"मामा, रीमर तर आहे नुसता."

"मोडला तर कुणी मोडला? भिंतीवर कुणाचा नंबर? तू घरी झोपलेला असशील आणि नाव तुझं निघेल." मामांनी बिल्ला त्याच्या खिशात कोंबला. "लाज वाटायला पाहिजे. तुझ्या बापानं इथे काम केलंय."

मित्राचे कान लाल झाले. टर्नर आपलं एक हत्यार परत करून बिल्ला सोडवायला गेला. कुणी हसलं नाही. ही थट्टेची गोष्ट नव्हती.

ती हातात टॉर्च घेऊन तशीच उभी होती.

"मामा, तुम्ही तुमचा बिल्ला कुणाला देता?"

"या जन्मात नाही."

"मग पासवर्ड?"

"सांगितलं ना, ती किल्ली आहे."

"किल्लीवर नाव नसतं, मामा. पासवर्डवर असतं. परवा तुमच्या नावानं दोन ड्रॉइंग बदलली गेली. तेव्हा तुम्ही भट्टीवर होतात, मी बघितलं होतं."

मामा थांबले. "कुठली ड्रॉइंग?"

तिनं सांगितली. मामांनी दोन्ही कामं आठवून पाहिली असावीत. मग ते सामायिक कपाटाकडे गेले, दार उघडलं, आणि आपल्या नावापुढचा शब्द बाहीनं पुसून टाकला. बाही पांढरी झाली.

परतताना तिला टूलरूममधलं गेजचं कपाट दिसलं. त्याला कुलूप होतं, पण दार काचेचं. आत काय आहे ते जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत होतं; बाहेर काढायचं तर बिल्ला. या कुलपाचा राग कुणाला आलेला तिनं ऐकला नव्हता. आणि आपण काय केलं होतं? मालकांनी खुर्च्या सांगितल्या आणि आपण मुकाट्यानं लाकडी दारं लावत सुटलो. मशीनवर उभ्या असलेल्या एकालाही विचारलं नाही की बाबा, तुला काय बघावं लागतं.

मग ती विचारत फिरली. टर्नरला, तपासणीवाल्यांना, पॅकिंगला, झाडूलासुद्धा. झाडू आधी बोलायला तयार नव्हता. मग बोलायला लागला तो थांबेना. दोन दिवस तिचं जेवण मशीनशेजारी उभ्यानंच झालं. त्यातून तिनं खण पुन्हा लावले. पगार आणि हिशेब सोडून सगळे खण सगळ्यांना बघायला मोकळे. बदल मात्र ज्याचं काम त्यानंच करायचा. काढून टाकणं कुणालाच नाही. नको असेल ते एका वेगळ्या खणात टाकायचं, महिनाभर ते तिथे पडून राहील, मग जाईल. आणि नावांच्या जागी तिनं नंबर घातले. ज्याच्या बिल्ल्याचा जो नंबर, तोच डब्यात. ऑफिसातल्यांना बिल्ले नव्हते, त्यांनाही तिनं काकांकडून नंबर घेऊन दिले.

राहिले मालक. त्यांच्याकडे अजून सगळं होतं, काढून टाकणंसुद्धा. ते तसंच ठेवता आलं असतं. तोंडातून शब्द काढायची गरज नव्हती. कायम करण्याच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. पण उद्या ते पुन्हा ड्रायव्हरला सांगणार, ड्रायव्हर सगळ्यांना, आणि एवढं सगळं केलेलं एका दुपारी मातीत जाणार. अर्धं काम करून ती आजवर शिडीवरून उतरली नव्हती.

शुक्रवारी ती मालकांच्या खोलीत गेली. मामा तिथे कसलंसं माप घेऊन आलेच होते. ते जायला निघाले तर ती म्हणाली, "मामा, थांबा." मालकांना तिनं नवी मांडणी समजावली. बघणं सगळ्यांना, बदल ज्याचा त्याला, काढणं कुणालाच नाही.

"कुणालाच नाही म्हणजे मला सोडून," मालक म्हणाले.

"तुम्हालाही नाही, साहेब. बदलणंही नाही. काही बदलायचं असेल तर ड्रॉइंगवालीला सांगा, ती तिच्या नंबरावर बदलेल. तुम्हाला सगळं बघता येईल."

"माझ्याच कारखान्यात मला परवानगी नाही?"

तिनं विचारलं, "साहेब, तुमच्याकडे बिल्ला आहे?"

"मला कशाला बिल्ला?"

"टूलरूममधलं काही लागलं तर?"

"मागवतो."

"मग खुंटीला कुणाचा टांगतात?"

मालकांनी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते.

"माझा टांगलाय, साहेब," मामा म्हणाले. "मायक्रोमीटरच्या खुंटीला. गेल्या वर्षापासून. मायक्रोमीटर तुमच्या टेबलाच्या खणात आहे. दर तपासणीला काका माझ्या नावानं शंख करतात."

मालकांनी खण उघडला. दातवाल्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या, चष्म्याचं घर, आणि त्याखाली लाकडी पेटीत मायक्रोमीटर. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही मालक आहात," मामा म्हणाले.

मालकांनी खण ढकलून बंद केला. बाहेर मशीनचा आवाज चालू होता.

"आणि त्या दिवशी ते उडवलं कुणी?" मालकांनी विचारलं.

"मला माहीत नाही, साहेब. संगणक स्टोअरचा, पण तिथे कुणीही बसतं. खडूनं लिहिलेल्या पासवर्डावरून माणूस सापडत नाही."

दारात झाडू उभा होता, मालाची पावती घेऊन सहीला आलेला. तो म्हणाला, "मी."

सगळे वळले.

"मोठ्या पंपाच्या नावाचे दोन कप्पे होते, दोन खणांत," झाडू म्हणाला. "मला वाटलं एक जुना आहे. पसारा होता. म्हणून साफ केला."

"माझ्या पासवर्डानं?"

"ड्रायव्हरनं दिला होता."

"त्याला कुणी दिला?"

झाडूनं पावतीकडे बघितलं. "तुम्ही, साहेब."

मालकांनी जबड्यावरून हात फिरवला. दात अजून ठणकत असावा. मग त्यांनी पावतीवर सही केली, ती झाडूच्या हातात दिली आणि मायक्रोमीटर मामांपुढे सरकवला. "हा नेऊन द्या आणि तुमचा बिल्ला सोडवा." मग तिला म्हणाले, "काढा माझं. बघायचं तेवढं राहू द्या."

तिनं तिथेच, त्यांच्याच संगणकावर बसून ते काढलं.

खडू एका दिवसात गेला नाही. पण नंबर घातल्यावर लोक स्वतःच आपापली ओळ पुसायला लागले. आपल्या नंबरानं दुसऱ्यानं काही केलं तर, हे आता सगळ्यांना कळत होतं. पॅकिंगवाल्याला पासवर्ड टंकताच येत नव्हता, त्याच्या शेजारी ती रोज सकाळी उभी राहायची, पण टंकायची नाही. तोच टंकायचा, एका बोटानं. दोन-तीन पेन ड्राइव्ह त्यानंतरही कुणाच्या गळ्यात दिसत. मालकांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, अजून एक महिना बघू. तो महिनाही तिनं काढला. मग कागद आला. आईला तिनं तो वाचून दाखवला, तर आई म्हणाली, "यात सुट्ट्या कमी आहेत."

परवानगीबाई हे नाव मात्र राहिलं. फरक इतकाच की पूर्वी ते तिच्या पाठीमागे म्हणत, आता मामा नव्या माणसाला तोंडावर सांगायचे, "परवानगीबाईंकडून नंबर घे, मग मशीनला हात लाव." ती तिथे पुष्कळ वर्षं राहिली. डबे दोनदा बदलले, वायरी बहुतेक त्याच राहिल्या. दादा वर्षातून एकदा यायचा, आईशेजारी बसायचा आणि मागच्या खोलीचा विषय काढायचा नाही.

तिच्या पगारातून शेवटी झालं ते तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्याआधी ती सगळी तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि झटका आल्यापासून आई जिना उतरली नव्हती. नव्या घरात तिनं भिंतीला कठडा बसवला, उजव्या बाजूनं, कारण आईचा उजवा हात चालतो. आता आई दुपारी कठडा धरत, पाय ओढत दारापर्यंत एकटी येते, खुर्चीत बसते आणि रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून चौकशा करते. चाकाची खुर्ची आतबाहेर करता यावी म्हणून दार रुंद करून घ्यावं लागलं. पहिल्या वेळी माप तिनंच दिलं होतं आणि ते चुकलं. सुतारानं चौकट काढून पुन्हा बसवली. तो म्हणाला, एकाच कामाचे पैसे द्या. तिनं दोन्ही वेळचे दिले.